घरकुलाचे छप्पर आणि उन्हाचा हिशेब



डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता नरपड, चिखले, घोलवड या गावांवरून जातो. एका बाजूस समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनच्या सुमारास या रस्त्याने गेलात तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. पुष्कळ घरांतली माणसे घरात नसतात. कोणी ओटीवर बसलेले असते, कोणी आंब्याखाली खाट टाकून पडलेले असते. आता हवेचे तापमान पाहावे तर ते ३३-३४ अंशांच्या आसपास. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यापुढे हे काहीच नव्हे. मग चिखल्याच्या माणसाला स्वतःच्या घरात का बसवत नाही?

हवा दमट असल्यामुळे घाम लवकर वाळत नाही हे एक कारण झाले. पण दमट हवा तर आंब्याखालीही आहे! दुसरे आणि मोठे कारण माणसाच्या डोक्यावर आहे, ते म्हणजे घराचे छप्पर. या लेखात आपण त्या छपराचा हिशेब मांडणार आहोत. हिशेब सोपा आहे. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो करता येईल. पण तो न केल्यामुळे काय घडते हेही आपल्याला पाहायचे आहे, कारण आज गावोगाव नवी घरे उभी राहत आहेत, त्यांच्यासाठी सरकार अनुदान देत आहे, आणि त्यांतली काही घरे कदाचित तुमचीच असतील.

तीन छपरे

डहाणू-तलासरी भागात वारली लोकांचे जुने घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला की कुड तयार होतो. वर लाकडी वासे, त्यांवर बांबू आणि त्यांवर गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर. हे छप्पर वीत-दीड वीत जाड असते आणि ते पुन्हा पुन्हा शाकारावे लागते. दुसरे छप्पर पत्र्याचे, मग तो लोखंडी असो वा सिमेंटचा. जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून फार तर सहा-सात मिलिमीटरपर्यंत. तिसरे छप्पर स्लॅबचे, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे. जाडी साधारण १२ सेंटिमीटर. कौलारू घरेही पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडे आपण नंतर वळू.

उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन प्रकारांनी जाते हे तुम्ही शाळेत शिकला आहात : वहन, अभिसरण आणि प्रारण. घराच्या छपरात हे तिन्ही प्रकार एकदम चालू असतात. सूर्याची उष्णता प्रारणाने छपरावर पडते. छपराच्या पदार्थातून ती वहनाने खाली येते. छपराच्या आतल्या पृष्ठभागावरून ती काही अभिसरणाने खोलीतल्या हवेत आणि काही प्रारणाने थेट तुमच्या डोक्यावर येते. तापलेल्या पत्र्याखाली उभे राहिल्यावर कपाळ भाजल्यासारखे वाटते ते या शेवटच्या प्रारणामुळे. पंखा लावला तरी ते थांबत नाही, कारण प्रारणाला हवेची गरजच नसते.

आता आकडे घेऊ

एप्रिलमध्ये भर दुपारी निरभ्र आकाश असताना एक चौरस मीटर सपाट जागेवर सुमारे ९०० वॅट इतकी सौरशक्ती पडते. जुना, मळलेला, गंजलेला पत्रा यातली साधारण ८० टक्के शोषून घेतो. म्हणजे ७२० वॅट.

ही उष्णता पत्रा स्वतःजवळ ठेवू शकत नाही. तो फार पातळ आहे. तो तापतो आणि दोन्ही बाजूंनी उष्णता टाकू लागतो. पत्र्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा एका अंशाने जास्त असेल तर बाहेरच्या बाजूने दर चौरस मीटरमागे ढोबळ मानाने २० वॅट निघून जातात, कारण बाहेर वारा आहे. आतल्या बाजूने ६ वॅट खोलीत उतरतात, कारण आत वारा नाही. एका अंशामागे एकूण २६ वॅट झाले. मग ७२० वॅट बाहेर टाकायला पत्रा किती अंश तापला पाहिजे? ७२० भागिले २६, म्हणजे जवळजवळ २८ अंश. हवा ३४ अंशांवर असेल तर पत्रा ६२ अंशांवर जाईल. याला हात लावून ठेववत नाही.

खोलीत किती उष्णता आली? ६ गुणिले २८, म्हणजे दर चौरस मीटरला १६८ वॅट. घर २५ चौरस मीटरचे धरा. हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. तो कोठून आला हे पुढे कळेल. २५ गुणिले १६८ म्हणजे ४२०० वॅट. (छपराचा उतार आपण सोडून दिला आहे.) स्वस्थ बसलेला माणूस स्वतःच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तेव्हा त्या लहानशा घरात भर दुपारी जणू बेचाळीस पाहुणे येऊन बसल्यासारखेच झाले!

आता तोच हिशेब गवताच्या छपराला लावा. गवतही ऊन भरपूर शोषते, समजा ७५ टक्के. म्हणजे ६७५ वॅट. पण गवताच्या थरात काड्यांमध्ये आणि काड्यांच्या पोकळीत हवा अडकून बसलेली असते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. गवताची उष्णतावाहकता सुमारे ०.०७ धरली आणि थर २० सेंटिमीटरचा धरला, तर एका अंशाच्या फरकामागे एका चौरस मीटरमधून जेमतेम एक तृतीयांश वॅट खाली उतरतो. पत्र्याचे ६ आणि गवताचा एक तृतीयांश! गवताचा वरचा थर चांगला ३३ अंशांनी तापतो, पत्र्यापेक्षाही जास्त तापतो. पण खोलीत येतात फक्त ११ वॅट. २५ चौरस मीटरला २७५ वॅट, म्हणजे तीनसुद्धा पाहुणे नाहीत.

पत्र्याऐवजी पांढरा पत्रा घेऊन पाहू. ताजा, दाट चुना दिलेला पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत पाठवतो आणि साधारण ३० टक्केच शोषतो. ९०० चे ३० टक्के २७०; भागिले २६ म्हणजे सुमारे १० अंश. पत्रा ६२ ऐवजी ४४ अंशांवर राहिला. खोलीत दर चौरस मीटरला ६२ वॅट, एकूण १५५० वॅट. बेचाळीसपैकी सव्वीस पाहुणे एका चुन्याच्या हाताने परत गेले.

हे आकडे काटेकोर नाहीत. खोली तापू लागली की पत्र्यातून येणारी उष्णता थोडी कमी होते. दार-खिडकीतून वारा आला तर काही उष्णता बाहेर जाते. ढग आले तर सगळेच बदलते. पण कोणत्या छपरातून जास्त आणि कोणत्या छपरातून कमी, हा क्रम बदलत नाही.

स्लॅबची गोष्ट निराळी

काँक्रीट काही चांगले उष्णतारोधक नव्हे. १२ सेंटिमीटरच्या स्लॅबमधून उष्णता पत्र्याच्या मानाने थोडीच कमी जाते. पण स्लॅब जड असतो. २५ चौरस मीटरच्या स्लॅबमध्ये ३ घनमीटर काँक्रीट असते आणि त्याचे वजन ७००० किलोग्रॅमच्या वर भरते. एवढा मोठा धोंडा तापायला वेळ लागतो. म्हणून दुपारी बाराला स्लॅबखाली पत्र्यापेक्षा बरे वाटते. स्लॅबची खालची बाजू खरी तापते ती तीन-चार तास उशिरा, ऊन उतरल्यावर.

मग रात्र होते. १ किलोग्रॅम काँक्रीट १ अंशाने थंड होताना सुमारे ०.९ किलोज्यूल उष्णता देते. ७२०० किलोग्रॅमचा स्लॅब रात्रभरात १० अंशांनी निवला तर ६४,८०० किलोज्यूल बाहेर पडतात. विजेच्या भाषेत सांगायचे तर ही १८ युनिटे झाली. यातला काही भाग आकाशाकडे जातो आणि काही खाली झोपलेल्या माणसांकडे. उलट पत्रा सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात थंड पडतो. म्हणजे पत्र्याचे घर दिवसा भट्टी आणि रात्री बरे, तर स्लॅबचे घर दिवसा बरे आणि रात्री भट्टी. परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाला यातले कोणते अधिक सोसते हे तुम्हीच ठरवा.

येथे कोणी विचारील, की सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाची घरे असतात, त्यांच्या छपरावर मातीचा हातभर थर असतो, भिंती दोन-दोन हात जाड असतात, आणि ती घरे तर उन्हाळ्यात गार असतात. मग जड छप्पर वाईट कसे? प्रश्न चांगला आहे. सोलापूरकडे उन्हाळ्यात दिवसाचे आणि रात्रीचे तापमान यांत १५ अंशांचा फरक सहज असतो आणि हवा कोरडी असते. दिवसभर घेतलेली उष्णता जाड माती रात्रीच्या गार हवेत टाकून देते आणि सकाळी पुन्हा रिकामी होते. चिखल्याला समुद्र शेजारी आहे. तेथे हा फरक सात-आठ अंशांचाच असतो, रात्रही उबदार आणि दमट असते, त्यामुळे जड छपराला रिकामे व्हायला सवडच मिळत नाही. किनाऱ्यावर हवे ते हलके, हवा अडवून धरणारे छप्पर आणि वारा खेळू देणाऱ्या भिंती. गवत आणि कुड हे नेमके तेच करतात. ज्यांनी ही घरे बांधली त्यांना वॅट आणि अंश ठाऊक नव्हते. पण ते घरात राहत होते, आणि बिघडले तर पुढच्या वर्षी सुधारत होते.

एवढे ऐकून गवताच्या घराचे गोडवे गायला नकोत. गवत पावसाळ्यात गळते, उंदीर-विंचू त्यात राहतात, एका ठिणगीत ते पेटते, आणि शाकारायला लागणारे गवत व मनुष्यबळ दरवेळी कोठून आणायचे? पक्के घर मिळावे अशी इच्छा त्या घरातल्या माणसांचीच असते आणि ती रास्त आहे. प्रश्न एवढाच की घर पक्के करताना गवताच्या अंगचा तो एक गुण आपण का फेकून द्यावा?

इंग्लंडमधले अनुदान

आता थोडा वेळ चिखले सोडून फार दूर जाऊ. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बाहेर ५ अंश असताना घरात २० अंश राखावे लागतात. त्यासाठी गॅस, तेल किंवा वीज जाळावी लागते आणि तिचे बिल येते. छपरातून उष्णता बाहेर निसटली तर बिल वाढते. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा हे बिल सर्वांनाच जाणवू लागले. ब्रिटनने १९७८ साली कायदाच केला आणि घराच्या माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यासाठी घरमालकांना व भाडेकरूंना अनुदान देण्यास सुरुवात केली. अमेरिकेने त्याआधी, १९७६ साली, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे थंडीवाऱ्यापासून बंदिस्त करून देण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो कार्यक्रम पुढे अर्धशतक चालत आला आहे.

माळ्यावर घालतात काय? बहुधा काचेच्या किंवा दगडाच्या बारीक तंतूंची लोकर. तिच्यातही काम करते ती तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवाच. तिची उष्णतावाहकता ०.०४ च्या आसपास, म्हणजे गवताहून थोडी सरस. इंग्रजाच्या माळ्यावरची लोकर आणि वारल्याच्या वाशांवरचे गवत यांची विद्या एकच. तेथे उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, येथे आत येऊ द्यायची नाही, एवढाच फरक.

पण दुसराही एक फरक आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये छप्पर वाईट असेल तर त्याची किंमत बिलाच्या कागदावर छापून येते. सरकारला ती मोजता येते, कुटुंबाला ती कमी करता येते, आणि म्हणून अनुदानाला आधार मिळतो. चिखल्याच्या घरात वातानुकूलन यंत्र नसते. तेथे एक किंवा दोन पंखे असतात. ७५ वॅटचा एक पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटे लागतात. छप्पर चांगले असो वा वाईट, युनिटे तेवढीच. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो; उलट स्वतःचे ७५ वॅट खोलीत टाकतो. ४२०० वॅट उष्णतेपुढे तो बिचारा काय करणार? तेव्हा आपल्याकडे वाईट छपराची किंमत विजेच्या बिलात दिसत नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येणाऱ्या ग्लानीत, तान्ह्या मुलाच्या घामोळ्यांत, न झालेल्या झोपेत आणि अर्ध्यावर मिटलेल्या पुस्तकात दिसते. ती कोणी मोजत नाही.

आपल्याकडचे अनुदान

ग्रामीण भागात घर बांधायला सरकारी मदत देण्याची मोठी योजना १९८५ साली इंदिरा आवास योजना या नावाने आली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. या योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवले आहे. आपण हिशेबात २५ का घेतले ते आता कळले ना? अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये असे ठरले. शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी त्याला जोडण्यात आली. आदिवासी कुटुंबांसाठी महाराष्ट्राची शबरी घरकुल योजनाही आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने घरकुलासाठी आणखी ५० हजार रुपये देण्याचे ठरवले : ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छपरावर सौरवीज बसवण्यासाठी. या शेवटच्या पंधरा हजारांकडे आपण पुन्हा येऊ.

घर 'कच्चे' की 'पक्के' हे कसे ठरते तेही पाहण्याजोगे आहे. लाभार्थी निवडण्यासाठी जी २०११ ची सामाजिक-आर्थिक गणना वापरली गेली, तिच्यात गवत, बांबू, माती, प्लास्टिक आणि हाताने घडवलेली कौले ही छपरे कच्ची धरली होती; यंत्राची कौले, पत्रा आणि काँक्रीट ही पक्की. टिकाऊपणा मोजायचा असेल तर हे बरोबर आहे. पण उष्णतेच्या बाजूने पाहिले तर या यादीतले पहिले छप्पर सर्वांत चांगले, आणि 'पक्क्या' यादीतला उघडा पत्रा सर्वांत वाईट! 'पक्के' हा शब्द पाऊस, वारा आणि आग यांचा विचार करतो. उन्हाचा विचार त्यात नाही.

उन्हाचा विचार करणारा नियम आपल्या देशात नाही असे मात्र नव्हे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छपराच्या एका चौरस मीटरमधून एका अंशामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये अशी मर्यादा आहे. उघड्या पत्र्याचा आणि साध्या स्लॅबचा आकडा या मर्यादेच्या तिप्पट-चौपट भरतो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. २५ चौरस मीटरच्या घरकुलापर्यंत ती पोचत नाही.

मग करायचे काय? घरकुलाच्या नियमांत एक गोष्ट फार उपयोगी आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. ठेकेदार नेमायचा नसतो. म्हणजे छप्पर कसले आणि त्याखाली काय, हे घरातली माणसे ठरवू शकतात. शेवटचा हप्ता हाती येईपर्यंत पैसे संपलेले असतात हे खरे. म्हणून कमी खर्चाच्या गोष्टी आधी पाहू.

सर्वांत स्वस्त चुना. त्याचा हिशेब आपण केलाच आहे. चार महिन्यांच्या पावसात तो धुऊन जातो आणि दरवर्षी फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो, ही त्याची अडचण. टिकाऊ परावर्तक रंग मिळतात, पण ते महाग असतात. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला, आणि २०१७ पासून वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचा उपक्रम त्याला जोडला. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. म्हणजे ही काही केवळ पुस्तकातली युक्ती नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे छपराखाली माळा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचा तट्टा बांधला तर तापलेल्या पत्र्याचे प्रारण तट्ट्यावर अडते, डोक्यावर येत नाही. मधल्या हवेचा थरही मदत करतो. आपल्याच रीतीने हिशेब केला तर खोलीत येणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. आणि मधली तापलेली हवा निघून जावी म्हणून आढ्याजवळ दोन्ही टोकांना झरोके ठेवले, तर आणखी कमी. जुन्या कौलारू घरात हे आपोआप होत असे : कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई आणि खाली धान्य ठेवायचा माळा असे. कौल स्वतः काही मोठे उष्णतारोधक नाही. त्याची खरी करामत त्या फटींमध्ये आहे. वाशांखाली गवताची किंवा पेंढ्याची गादी मात्र चुलीजवळ नको.

तिसरी गोष्ट सावली. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर ऊन पडू नये म्हणून वळचण रुंद ठेवावी, मांडवावर वेल चढवावा. चिखल्यात झाडांची वाण नाही. फक्त घर बांधताना आहे ते झाड तोडू नये.

आता त्या पंधरा हजारांकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. तिच्यात १ किलोवॅटच्या सौरसंचाला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. १ किलोवॅटचा संच महिन्याला १०० युनिटांच्या आसपास वीज देतो आणि सुमारे १० चौरस मीटर छप्पर अडवतो. आता गंमत पाहा. या तबकड्या छपरापासून थोड्या उंचावर बसवतात आणि खालून वारा वाहतो. म्हणजे छपराला आयती छत्री मिळते! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील संशोधकांनी २०११ साली मोजून दाखवले की अशा तबकड्यांखालच्या छपरावर पोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होते. वीज मिळवण्यासाठी दिलेले अनुदान न सांगता उष्णतारोधनाचेही थोडे काम करून जाते. पत्र्याच्या हलक्या छपराला मात्र तबकड्यांचे आणि वादळी वाऱ्याचे बळ पेलेल का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले होते.

आणि डहाणू-तलासरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. दुंदलवाडीच्या परिसरातील लोकांनी त्या हिवाळ्यात कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. अशा ठिकाणी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा किंवा मातीचा जाड थर घालून घर थंड करण्याचा उपाय मला तरी पसंत नाही. डोक्यावरचे वजन वाढले की धक्क्याचा जोर वाढतो. पांढरा रंग, तट्टा, झरोका, सावली या सगळ्या हलक्या गोष्टी आहेत.

स्वतः करून पाहा

सारख्या आकाराची चार पुठ्ठ्याची खोकी घ्या. प्रत्येकाच्या तोंडावर सारख्या मापाचा पत्र्याचा तुकडा ठेवा. पहिला तसाच राहू द्या. दुसऱ्याला चुना द्या. तिसऱ्यावर चार बोटे जाड पेंढा पसरून दोऱ्याने बांधा. चौथ्या खोक्यात पत्र्याच्या चार बोटे खाली पुठ्ठ्याचा माळा बसवा आणि माळ्याच्या वर दोन्ही बाजूंना भोके पाडा. प्रत्येक खोक्याला बाजूने, माळ्याच्या खाली येईल असे एक भोक पाडून प्रयोगशाळेतला तापमापक आत सरकवा. त्याचा फुगा पत्र्याला किंवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. खोकी शाळेच्या पटांगणात उन्हात ओळीने ठेवा. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दर अर्ध्या तासाने चारही तापमाने आणि सावलीतल्या हवेचे तापमान वहीत लिहा. भर दुपारी पत्र्याला उघडा हात लावू नका.

दोन सूचना शिक्षकांसाठी. मुलांना सिमेंटच्या पत्र्याच्या छपरावर कोणत्याही कारणाने चढू देऊ नये. ते पत्रे पायाखाली अचानक मोडतात. आणि जुने सिमेंटचे पत्रे घासून किंवा भोके पाडून प्रयोग करू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेले तर घातक ठरतात.

मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढा : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. दुपारी दोनला चार रेषा कोणत्या क्रमाने आहेत ते पाहा. मग संध्याकाळी सहानंतरचा भाग नीट निरखा. पहिल्या खोक्याची रेषा आणि पेंढ्याच्या खोक्याची रेषा कोठे एकमेकींना छेदतात का? छेदत असतील तर किती वाजता, आणि त्यानंतर कोणती खाली राहते?